आजीच्या आठवणीतला इतिहास

विद्यार्थी मित्रहो, इतिहास म्हटला की आपल्यापुढे राजे, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. पण मालेगावचेच उदाहरण घ्या. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातील अनेक मोमीन विणकर कुटुंबे आग्रा रस्त्याने दक्षिणेस आली व गिरणा-मोसमच्या काठी स्थिरावली. सरकारी दडपशाही, दुष्काळ, विलायती कापडाने बुडवलेला धंदा ही कारणे ग्रंथांत सापडतात. परंतु वाटेत आसरा कोणी दिला, पहिला माग कोठे लागला, हे तेथे नसते. घरात उर्दू बोलणाऱ्या या हातांनी मराठी भगिनींची लुगडी विणली. पुरुष मागावर बसे, तेव्हा कांड्या भरीत बायका आणि मुले. त्यांची नावे कोणत्या दप्तरात आहेत?

ती घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आहेत. म्हणून आजच एक वही घ्या, आजीजवळ बसा. नाव, गाव, काम, मजुरी विचारून लिहा. सालाबाबत स्मरण चुकते, तेव्हा जुनी खरेदीखते व शाळेचे दाखले ताडून पाहा. पालकहो, मुलांना यासाठी सवड द्या. जनाजा उठल्यावर प्रश्न विचारता येत नाहीत.