शासकीय विधेयक (महाराष्ट्र)

राज्यशासनाच्या एखाद्या विभागाने सिद्ध करून मंत्रिमंडळाच्या संमतीने विधानमंडळापुढे मांडलेला कायद्याचा मसुदा. जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टी या गावी 1948 पर्यंत हैदराबादच्या निजामाचे फर्मान हाच कायदा होता. आज त्या गावाला बांधणारा राज्याचा कायदा बहुधा मंत्रालयातील एखाद्या विभागाच्या टिप्पणीतून आकार घेतो.

अंमलबजावणीतील अडचण, न्यायालयाचा निर्णय किंवा सरकारचे नवे धोरण यांपैकी काहीही निमित्त असो, संबंधित प्रशासकीय विभाग प्रस्ताव तयार करतो, खर्चाचा प्रश्न असल्यास वित्त विभागाचे अभिप्राय घेतो आणि मंत्रिमंडळाच्या मान्यतेनंतर विधि व न्याय विभागाकडून त्याला कलमांचे रूप देववितो. विधेयकासोबत उद्देश व कारणे यांचे निवेदन असते. तिजोरीवर भार पडणार असल्यास वित्तीय ज्ञापन जोडावे लागते, आणि नियम करण्याचा अधिकार शासनाकडे सोपवावयाचा असल्यास तेही स्वतंत्र ज्ञापनात सांगावे लागते. हे शेवटचे ज्ञापन सहसा कोणी वाचत नाही, ही खेदाची गोष्ट होय. कारण आष्टीच्या रहिवाशाला कोणता अर्ज, कोणत्या मुदतीत, कोणाकडे द्यावा लागेल, हे पुष्कळदा त्या नियमांतच ठरते.

मंत्री विधेयक मांडतात. त्यावर चर्चा होते, क्वचित ते संयुक्त समितीकडे जाते, आणि दोन्ही सभागृहांनी संमत केल्यावर संविधानाच्या अनुच्छेद 200 अन्वये राज्यपालांपुढे येते.

रोजगार हमीचा कायदा हे या रीतीचे उत्तम उदाहरण. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे रोजगार हमीचा प्रयोग झाला, 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यासह राज्यभर सहस्रावधी स्त्रीपुरुष दुष्काळी कामांवर खडी फोडू लागले, आणि हजेरीपटांतून साठलेला तो अनुभव पुढे महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, 1977 मध्ये उतरला. तोवर शासनाच्या आदेशावर चाललेली ही योजना दुसऱ्या आदेशाने आखडता आली असती; 26 जानेवारी 1979 रोजी अधिनियम अंमलात आल्यापासून मात्र ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितल्यावर पंधरा दिवसांत ते न मिळाल्यास बेकारी भत्ता मागण्याचा तिला कायद्याने हक्क प्राप्त झाला, आणि त्यात फेरबदल करावयाचा तर शासनास पुन्हा विधेयक घेऊन सभागृहापुढे येणे भाग पडले.