पेत्राचे अश्रू आणि गोव्याचे धर्मन्यायासन

दरवर्षी राखेच्या बुधवारी आपण भाविकांच्या कपाळी राख लावतो आणि त्यानंतरचे चाळीस दिवस देवाची दया व पापक्षमा यांविषयी बोलतो. बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंडसारख्या ठिकाणी, जेथे तांब्याच्या खाणीमुळे निरनिराळ्या प्रांतांतील माणसे येऊन वसली आहेत, तेथे उपदेशकाने हा विषय मराठीतून मांडावयाचे म्हटले तर त्याला लागणारे शब्द कोठून आले? हा माग काढीत गेलो की आपण सतराव्या शतकातील गोव्यात पोहोचतो. आणि तेथे जे दिसते ते सुखाचे नाही. तरीही उपवासकाळात ते पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम थोडे मागे जाऊ. इ.स. 250 मध्ये सम्राट डेसियसच्या छळात अनेकांनी जीव वाचविण्यासाठी ख्रिस्ताला नाकारले. छळ ओसरल्यावर ते परत आले, तेव्हा मंडळीपुढे प्रश्न उभा राहिला. नोव्हातियनाच्या मते अशांना मंडळीत पुन्हा घेणे शक्य नव्हते; कार्थेजचा बिशप सिप्रियन याने दीर्घ प्रायश्चित्तानंतर त्यांना घ्यावे असे म्हटले, आणि मंडळीने तेच मान्य केले. पुढे प्रायश्चित्त करणाऱ्यांना उपवासकाळाच्या आरंभी वेगळे ठेवून पवित्र गुरुवारी पुन्हा सहभागितेत घेण्याची रीत पडली. मात्र त्या प्राचीन शिस्तीत असे प्रायश्चित्त आयुष्यात एकदाच मिळे. दुसऱ्यांदा पडला, तर काय?

हा प्रश्न पेत्राने प्रभूला आधीच विचारला होता: अपराध करणाऱ्या भावाला किती वेळा क्षमा करावी? विचारणाऱ्यालाच पुढे त्या उत्तराची गरज पडली. योहानाचे शुभवर्तमान पाहा. पेत्राने नाकारले तेव्हा प्रमुख याजकाच्या अंगणात कोळशांचा विस्तव पेटलेला होता, आणि पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी जेथे त्याला तीनदा विचारण्यात आले, तेथेही कोळशांचाच विस्तव होता. मूळ ग्रीकमधील हा शब्द नव्या करारात या दोनच ठिकाणी आला आहे.

आता गोव्याकडे वळू. येशूसंघाचे इंग्रज धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेले. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांना पुराण ऐकण्याची सवय होती. ती ओवी, ती श्रवणाची गोडी त्यांना ख्रिस्तकथेत मिळाली. त्यानंतर 1629 मध्ये त्याच संघाचे फ्रेंच धर्मगुरू एतिएन द ला क्रुवा यांनी प्रेषित पेत्राच्या चरित्रावर मराठी ओवीबद्ध ग्रंथ छापविला. ज्याने तीनदा नाकारले त्याच्यावर मराठीत एवढा मोठा ग्रंथ व्हावा, ही लहान गोष्ट नव्हे. अर्थात त्याच ग्रंथाच्या पोर्तुगीज मथळ्यात पूर्वेकडील परधर्मीयांच्या चुकांचे खंडन हाही हेतू सांगितला आहे. दयेच्या कथेलाच वादाची धार लावलेली होती.

आणि याच गोव्यात 1560 पासून धर्मन्यायासन, म्हणजे इन्क्विझिशन, काम करीत होते. मध्यंतरीची काही वर्षे वगळता ते 1812 पर्यंत चालले. दमण येथे राहणारा फ्रेंच वैद्य शार्ल देलाँ याला 1673 मध्ये पकडण्यात आले. 12 जानेवारी 1676 रोजी इतर कैद्यांसह त्याची मिरवणूक काढून शिक्षा सुनावण्यात आली. 1687 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या वृत्तांतात त्याने त्या न्यायासनाच्या निशाणाचे वर्णन केले आहे. त्यावर संत डॉमिनिकची आकृती होती, एका हातात तलवार, दुसऱ्यात ऑलिव्हची डहाळी, आणि शब्द होते 'न्याय आणि दया'. पहिल्यांदा सापडलेल्याने कबुली दिली तर त्याला परत घेत; परंतु पुन्हा सापडलेल्याला सहसा जाळण्यासाठी राजसत्तेच्या हाती देत. म्हणजे पेत्राच्या प्रश्नाला येथे 'एकदा' असे उत्तर होते.

गुन्हे तरी कोणते? 1736 च्या जाहीरनाम्यात ख्रिस्ती घरांसाठी निषिद्ध ठरविलेल्या गोष्टींत तुळस लावणे होते, धोतर नेसणे होते, आणि मिठाशिवाय भात शिजवून मागाहून वर मीठ घेणेही होते! आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष बोचते. पोर्तुगीज न्यायासनाच्या रीतीनुसार उपवासकाळातील रविवारी चर्चमध्ये एक जाहीरपत्र वाचले जाई, आणि ज्याला दुसऱ्याचा धर्मद्रोह ठाऊक असेल त्याने तो येऊन सांगावा असा हुकूम त्यात असे. ज्या दिवसांत आपले पाप पाहावयाचे, त्या दिवसांत शेजाऱ्याचे पाप पाहण्याची आज्ञा होई.

12 मार्च 2000 हा उपवासकाळाचा पहिला रविवार होता. त्या दिवशी रोममध्ये, पेत्राच्या नावाच्या महामंदिरात, पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या पापांबद्दल देवाकडे क्षमा मागितली. सत्याच्या सेवेच्या नावाखाली वापरलेल्या असहिष्णु मार्गांची कबुली त्यांत स्वतंत्रपणे होती. कोणत्याही शहराचे नाव घेतलेले नव्हते, गोव्याचेही नाही. काहींना ही कबुली अपुरी वाटली, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक आहे असे आम्ही म्हणणार नाही.

गोव्याचे न्यायासन बंद झाल्यावर तेथील दप्तराचा बहुतेक भाग जाळून टाकण्यात आला. त्यामुळे मिठाशिवाय भात शिजविणाऱ्या ज्या बाईचे नाव तिच्या शेजारणीने उपवासकाळात जाऊन सांगितले असेल, तिचे नाव आज घेऊ म्हटले तरी आपल्याला घेता येत नाही.