पंच, रोजनामा आणि चित्रण

पोलिसांच्या कृतीची साक्ष कोणीं ठेवावी, आणि ठेवलेली साक्ष कोणास पाहूं द्यावी, हा प्रश्न चित्रण-यंत्रांपेक्षां पुष्कळ जुना आहे. १८६१ सालीं इंग्रजांनीं पोलीसखात्याचा कायदा केला. त्याच वर्षीं आलेल्या फौजदारी संहितेनें पोलिसापुढें दिलेला कबुलीजबाब पुराव्यांतून वगळला, आणि १८७२ च्या पुरावा-कायद्यानें तो नियम कायम राखला. ज्या सरकारनें शिपाई नेमले त्यानेंच त्यांच्या लेखणीवर अविश्वास दाखवावा, हें चमत्कारिक खरें. पण १८५५ सालीं मद्रास इलाख्यांतील चौकशी-समितीनें छळाचे जे प्रकार उजेडांत आणले होते, ते लक्षांत घेतले म्हणजे नवल उरत नाहीं.

त्या अविश्वासांतूनच पंच आले. झडती घ्यावयाची तर वस्तींतील दोन प्रतिष्ठित माणसें समोर हवींत, ही कल्पना आपल्या लोकांत इतकी मुरली कीं ‘पंचनामा’ हा शब्द घरगुती भांडणांतही सहज येतो. मात्र तपासाच्या रोजनाम्याची गोष्ट निराळी. तो न्यायालयानें मागवून पाहावा; आरोपीस सामान्यतः त्याचें दर्शन नाहीं. नोंद करावयाची, आणि ती कुलपांत ठेवावयाची, अशी ही दुहेरी परंपरा आहे. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत असल्यामुळें तेथें ती काहीशा निराळ्या वाटेनें पोहोंचली, एवढेंच.

चित्रणानें हें कुलूप उघडेल अशी आशा होती. २ डिसेंबर २०२० रोजीं परमवीर सिंग सैनी यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें फर्मावलें कीं, प्रत्येक ठाण्याच्या दारांत, कोठडींत, बोळांत, व्हरांड्यांत, अधिकाऱ्याच्या खोलींत, रात्रीं दिसेल व आवाजही टिपेल असे कॅमेरे बसवावे. चित्रण अठरा महिने जपावें, आणि तसें यंत्र बाजारांत मिळत नसेल तरी एक वर्षाहून कमी नको. दाराशीं स्थानिक भाषेंत फलक असावा, व त्यावर चित्रण किमान सहा महिने राहतें आणि पीडितास तें सुरक्षित करून घेण्याचा हक्क आहे, असें लिहावें. एकाच निकालांत एक वर्ष आणि सहा महिने अशा दोन मुदती कां याव्यात, हें मला उलगडत नाहीं. शिवाय हक्क आहे तो ‘सुरक्षित करून घेण्याचा’. चित्रण मागवावयाचें तें मानवी हक्क आयोगानें किंवा जिल्ह्याच्या मानवी हक्क न्यायालयानें, आणि मग तपास-यंत्रणेस द्यावयाचें. घरच्या माणसांच्या हातीं प्रत कधीं पडावी, याविषयीं निकाल मुका आहे.

प्रत हातीं पडली तरी ती खरी कशावरून? हा दुसरा प्रश्न परभणीच्या शेजारीं जालन्यांत सुटला, आणि तोही पोलिसांमुळें नव्हे, निवडणुकीमुळें. २०१४ च्या विधानसभा निवडणुकींत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज मुदतीनंतर आला, असा कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता, आणि पुरावा होता निवडणूक-अधिकाऱ्याच्या कचेरींतील चित्रण. अधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र वारंवार मागूनही तें मिळेना. १४ जुलै २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, मूळ यंत्र हजर केलें नाहीं तर प्रतीबरोबर प्रमाणपत्र हवेंच. मात्र तें मिळविण्याची सारी खटपट करूनही न मिळाल्यास त्या पक्षाला दोष नाहीं. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या साक्ष-कायद्यानें याला ‘हॅश’ची जोड दिली. हॅश म्हणजे फायलीवरून गणितानें काढलेला एक आंकडा, बोटाच्या ठशासारखा. चित्रणांत एक क्षण बदलला कीं ठसा जुळत नाहीं. परंतु ठसा पहिल्या दिवशींच घ्यावयास हवा. सहा महिन्यांनीं घेतलेला ठसा केवळ त्या दिवसापुढची हमी देतो.

परभणीचें महत्त्व येथें येतें. १० डिसेंबर २०२४ रोजीं तेथील रेल्वे-स्थानकाजवळील बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीं बंद पाळतांना दंगल उसळली, व पुष्कळांस अटक झाली. त्यांत विधी शाखेचा एक पस्तीस वर्षांचा विद्यार्थी होता. १५ तारखेस न्यायालयीन कोठडींत असतां तो मरण पावला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अभिप्रायांत अनेक जखमांमुळें आलेला आघात असें कारण होतें. त्याच महिन्यांत मुख्यमंत्र्यांनीं विधानसभेंत सांगितलें कीं, चित्रणांत मारहाण दिसत नाहीं. पुढें दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीनें पोलिसांवर ठपका ठेवला. ४ जुलै २०२५ रोजीं उच्च न्यायालयाच्या खंडपीठानें आईच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदण्याचा हुकूम दिला, आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयानें सरकारचें अपील फेटाळलें.

चित्रणांत काय दिसतें, हें एका पक्षानें पाहावयाचें आणि दुसऱ्यानें ऐकावयाचें, ही व्यवस्था मला मान्य होण्यासारखी नाहीं. सर्व जगापुढें तें मांडा, असेंही मी म्हणत नाहीं. कोठडींत इतरही माणसें असतात, त्यांची लाज राखलीच पाहिजे. पण मृताच्या आईस व तिच्या वकिलास पहिल्या आठवड्यांत, ठशासह, प्रत मिळण्यास कोणती अडचण आहे? तपासांत व्यत्यय येईल म्हणावें, तर ज्यांच्यावर आरोप तेच त्या यंत्राचे राखणदार आहेत. सप्टेंबर २०२५ मध्यें राजस्थानांतील कोठडी-मृत्यूंच्या बातमीवरून सर्वोच्च न्यायालयानें बंद पडलेल्या कॅमेऱ्यांची दखल आपण होऊन घेतली. २०२० च्या हुकुमास तेव्हां पांच वर्षें होत आलीं होतीं.