ब्रेकमधली हवा

आमच्या जुन्या मारुती ८००चा पुढचा डावा कॅलिपर गेल्या महिन्यात जाम झाला. पिस्टन गंजून अडकला होता. गाडी एका बाजूला ओढायची आणि चाकाला हात लावू नये इतकं ते तापायचं. मोहल्ल्यातल्या गॅरेजमध्ये नवा कॅलिपर बसवून घेतला. काम करणारा मुलगा माझाच विद्यार्थी, नववीत शाळा सुटलेला. त्या वेळी मी दोनदा त्याच्या घरी गेलो होतो, तिसऱ्यांदा गेलो नाही. ती बोच अजून आहे.

कॅलिपर बदलला की ब्रेकच्या नळीत हवा शिरते. ती काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. त्याने मला पेडलवर बसवलं. निपलला सलाईनची नळी लावून तिचं दुसरं टोक ब्रेक ऑइलच्या बाटलीत बुडवलं. "सर, दबाओ. पकडके रखो." मी दाबून धरलं की तो निपल सैल करायचा, बुडबुडे यायचे, निपल पुन्हा कसून तो म्हणायचा, "छोडो." निपल बंद होण्याआधी पाय उचलला, तर हवा उलटी आत जाते. टाकीतलं ऑइलही संपू द्यायचं नसतं.

बुडबुडे थांबले, तरी पेडल मऊच! त्याने वाकून पाहिलं आणि डोक्याला हात लावला. दुकानातून उजव्या बाजूचा कॅलिपर आला होता आणि त्याने तो न पाहता डावीकडे बसवला होता. बसतो तो व्यवस्थित, पण निपल खाली येतं. हवा वर जमते, ती खालच्या तोंडातून निघणार कशी? "गलती मेरीच है सर," म्हणत त्याने डाव्या बाजूचा कॅलिपर आणून बसवला. मग पंधरा मिनिटांत पेडल घट्ट झालं.

द्रव दाबला तर आकसत नाही, हवा आकसते, आणि बंद द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो. ब्लेझ पास्कल यांचा याविषयीचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६६३मध्ये छापला गेला. शंभरपट मोठ्या पिस्टनवर शंभर माणसांचं बळ एकटा माणूस कसं तोलतो, हे त्यांनी त्यात मांडलं. १७९५मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यांनी याच तत्त्वावरच्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं.

मोटारीपर्यंत ते यायला आणखी शंभरावर वर्षं लागली. तोवर ब्रेक सळया आणि तारांनी ओढले जात. चारही चाकांना सारखा जोर लागणं अवघड, मग गाडी वाकडी पळे. १९१७मध्ये अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी द्रवावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट घेतलं. ते मोटार मेकॅनिक म्हणून काम केलेले गृहस्थ. १९२१च्या ड्यूझेनबर्ग गाडीच्या चारही चाकांना असे ब्रेक होते. सुरुवातीच्या रचनेतले चामड्याचे वायसर गळत. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी ते रबराचे केले आणि १९२४पासून त्यांच्या गाड्यांना हे ब्रेक आले.

आमच्या मुलांना समाजमाध्यमांवर 'पंक्चरवाले' म्हणून हिणवलं जातं. आपण उत्तरादाखल जुन्या वैभवाच्या याद्या पुढे पाठवतो. त्यांत अल-जझरी हमखास असतात. त्यांनी ब्रेक शोधला नाही, हे आधी सांगून टाकू. पण १२०६मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात त्यांनी दोन सिलिंडरांचा पंप पिस्टन आणि झडपांसह आकृती काढून समजावला आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की, हा माणूस स्वतः यंत्रं घडवणारा होता आणि त्याने आपला हुनर कागदावर उतरवला. पास्कल यांचं तत्त्व आपल्यापर्यंत आलं ते ग्रंथामुळे, लॉकहीड यांचं पेटंटमुळे. हुनर कागदावर आला की दुसरा माणूस तो पुढे नेतो, सुधारतोही, जसं चामड्याचं रबर झालं.

माझ्या विद्यार्थ्याकडे हात आहे, कागद नाही. निपल वर का हवं, हे त्याला चांगलं कळतं. पण त्याच्याकडे दहावीचं प्रमाणपत्र नाही, म्हणून आयटीआयमधल्या मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाचं दार त्याला बंद आहे. यात त्याच्या घरची तंगी आहे, तशी माझी न झालेली तिसरी फेरीही आहे.

परवा त्याच्याकडे सतरा नंबर फॉर्मची माहिती घेऊन गेलो. त्याने हात पुसून कागद घेतला, दोनदा वाचला.

"सर, गॅरेज छोडना पडेगा क्या?"

"नाही रे. रात्री आठनंतर माझ्या घरी ये. गणित आणि विज्ञानापासून सुरुवात करू."

पहिल्या दिवशी दाबाचा धडा घ्यायचं ठरवलंय. तो धडा मलाही त्याच्याकडून थोडा शिकावा लागेल.