सातव्या नंबरची मागणी

मागच्या महिन्यात गावी गेलो, तेव्हा काकांनी ट्रंकेतून पिवळी पडलेली कार्बन कॉपी काढली. गावाने १९८०च्या दशकात आमदारांना दिलेलं निवेदन. मागण्या अकरा: शाळेचे पत्रे, पाझर तलाव, एसटीची जादा फेरी, आणि सातव्या नंबरवर ‘रेल्वे’.

“यातलं काय मिळालं?”

“पत्रे. ते बी लोकवर्गणीतून.”

आता सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा ८४ किलोमीटरचा मार्ग होतोय. २०१९च्या जानेवारीत घोषणा झाली, खर्चाचा निम्मा वाटा राज्याने उचललाय. गावाला जवळ एक हॉल्ट हवाय आणि आमदारांनी रविवारची वेळ दिलीये. मी पुण्यात कोड लिहितो, म्हणजे मला निवेदनही लिहिता येणार, असा घरचा हिशोब.

तयारी म्हणून मी बार्शी लाइट रेल्वेचा इतिहास वाचायला घेतला. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी लाइन सुरू केली. त्याआधी कित्येक वर्षं तो सरकारदरबारी खेटे घालत होता. मला आवडली ती त्याची मांडणी. अरुंद, हलके रूळ स्वस्त पडतात, पण त्यांवरून माल तो किती जाणार? कॅल्थ्रॉपने इंजिन असो वा डबा, प्रत्येक आसावर जास्तीत जास्त पाच टन भार ठरवला. भार सारखा वाटला की हलक्या रुळांवरूनही भरपूर माल जातो. नुसतं सांगून थांबला नाही. डबे भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून लोकांना चालवून दाखवले. आमच्या भाषेत डेमो!

१९११ मध्ये ही गाडी निजामाच्या राज्यात लातूरला पोचली. वाटेत येडशी लागलं, पण जिल्ह्याचं ठिकाण, तेव्हाचं उस्मानाबाद, बाजूलाच राहिलं. माझी आजी नवी नवरी म्हणून येडशीला उतरली आणि पुढे बैलगाडीने आली. शहराला स्टेशन मिळालं ते २००७ मध्ये, रुंदीकरणात मार्ग वळवला तेव्हा. मोजा, ९६ वर्षं.

माझ्या पहिल्या मसुद्यात हे सगळं होतं. काकांनी वाचलं आणि कॅल्थ्रॉपवर आडवी रेघ मारली. “गोरा साहेब आमदाराला कशाला सांगायचा? त्यानं केलं तसं कर की.”

म्हणजे आकडे. शिवाय रेल्वे हा केंद्राचा विषय. हॉल्ट देणं आमदारांच्या हातात नाही. खासदारांना आणि रेल्वेला शिफारसपत्र देणं मात्र आहे. म्हणून मागणी एकच ठेवली: ते पत्र. यावर रात्री अकरापर्यंत वाद झाला. “भेटतेतच तर पाण्याचं बी टाकू की,” काका म्हणत राहिले. पाण्याचा प्रश्न खोटा नव्हता, म्हणून नाही म्हणताना मलाही जड गेलं.

शनिवारी पहाटे पावणेसहाला वही घेऊन फाट्यावर उभा राहिलो. सोलापूरकडे रोज किती माणसं जातात, ते मोजायला. पहिली एसटी यायची होती. शेजारचे नाना आधीच येऊन बसले होते, मांडीवर डायलिसिसची फाइल. आठवड्यातून दोनदा जातात, दोन गाड्या बदलून.

“काय लिहितोस रे?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला मोजतोय, नाना.”

“मग परतीचं बी लिही. येताना लई हाल होतेत.”

मी वहीत परतीचा रकाना आखला.