मगनवाडीचं पातेलं, कोरियाचा रांजण

बुलगोगी हा कोरियातला गोमांसाचा पदार्थ. पण त्याचं कूळ शोधायला मांसापासून निघालात, तर वाट अर्ध्यावरच संपते. मांस पातळ कापायचं, सोयाबीनच्या खारात मुरवायचं आणि कडक तापलेल्या तव्यावर किंवा निखाऱ्यावर भाजायचं, एवढीच त्याची रीत. चव येते ती त्या खारातून. आणि ज्या दाण्यातून हा खार निघतो, तो वर्धा जिल्ह्यात पावसाळाभर रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभा असतो.

कोरियात या पदार्थाचं मूळ गोगुर्यो राज्यातल्या 'मेकजोक' नावाच्या मुरवलेल्या, सळईवर भाजलेल्या मांसापर्यंत नेतात. ते राज्य इ. स. 668 मध्ये बुडालं. पुढे बौद्ध धर्माच्या प्रभावाखाली मांसाहार मागे पडला, तेराव्या शतकात मंगोलांच्या अमलात तो परतला, आणि जोसॉन राजांच्या मुदपाकखान्यात पातळ कापांचा 'नोबियानी' तयार झाला. आजची बुलगोगी त्याचीच नात. याच जोसॉन काळात गुरं मारण्यावर पुन्हापुन्हा बंदी घातली जाई, कारण नांगराला बैल हवे असत. कास्तकाराला हे वेगळं समजावून सांगायला नको. महाराष्ट्रात गोहत्याबंदीचा कायदा 1976 चा, आणि 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले. त्यामुळे वर्ध्यातल्या घरी बुलगोगी करायची ती कोंबडीची. त्यात कमीपणा काही नाही; खुद्द कोरियातही कोंबडीची आणि डुकराची बुलगोगी घरोघर होते.

आता त्या खाराकडे वळू. सोयाबीन मऊ शिजवून ठेचतात, त्याच्या विटा थापतात, भाताच्या पेंढ्याने बांधून हिवाळाभर टांगून ठेवतात. पेंढ्यातले आणि हवेतले जिवाणू, बुरशा त्या विटांत शिरतात, दाण्यातली प्रथिनं तोडतात आणि त्यांतून चव मोकळी करतात. हिवाळा सरता सरता विटा मातीच्या रांजणात मिठाच्या पाण्यात बुडवतात, वर कोळशाचे तुकडे आणि सुक्या लाल मिरच्या. दीडदोन महिन्यांनी पाणी निथळून घेतात. ते गांजांग, म्हणजे कोरियाचा सोया सॉस. खाली उरतो तो गोळा म्हणजे द्वेनजांग. डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने ही विद्या जगाच्या अमूर्त वारशात नोंदवली. मला तिचं मोठेपण वेगळ्या ठिकाणी दिसतं. सोयाबीन हा हट्टी दाणा आहे. कच्चा पचत नाही, नुसता शिजवला तर उग्र वास जात नाही. कोरियन बायकांनी तो वर्षानुवर्षं रांजणात घालून माणसाळवला.

आपल्याकडे तो थेट पातेल्यातच गेला. अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं ठाणं वर्ध्याला मगनवाडीत होतं. गांधीजी 1935 साली तिथे राहत होते आणि स्वस्तात पोषण कसं मिळेल याचे प्रयोग स्वयंपाकघरात चालले होते. बडोदा संस्थानात त्या वेळी सोयाबीनवर काम सुरू होतं. तिथल्या अन्नपाहणी खात्यातले एफ. एस. काळे यांनी त्याच दशकात सोयाबीनवर पाककृतींसह मोठं पुस्तक लिहिलं. गांधीजींनी मगनवाडीच्या जेवणात सोयाबीन आणलं आणि त्याबद्दल 'हरिजन'मध्ये लिहिलं. गरिबाच्या ताटात प्रथिनं कुठून येणार, हा त्यामागचा प्रश्न होता, आणि तो आजही तितकाच खरा आहे. पण दाणा घरात मुरला नाही. 1936 मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला गेले, आणि वर्ध्याच्या चुलीवर वरण राहिलं ते तुरीचंच.

सोयाबीन दुसऱ्यांदा आलं ते थेट वावरात. 1960 च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाच्या साथीने पंतनगर आणि जबलपूरला अमेरिकन वाणांच्या चाचण्या झाल्या, मध्य प्रदेशात पीक फोफावलं आणि तिथून विदर्भात उतरलं. शंभरेक दिवसांत हाती येतं, दिवाळीच्या तोंडावर पैसा देतं, मागे हरभऱ्याला जमीन मोकळी करतं. ज्वारी-मुगाची जागा त्याने बघता बघता घेतली. आज सोंगणी झाली की गंज्या लागतात, थ्रेशर फिरतं, कुटार गुरांना जातं आणि पोती हिंगणघाटच्या बाजार समितीत. तिथून तेलाच्या कारखान्यात. दाण्यात तेल वीस टक्क्यांच्या आतबाहेर, प्रथिनं चाळीसच्या आसपास. तेल आपण खातो, प्रथिनांची पेंड मुख्यतः कोंबड्या खातात. 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि बाजार त्याच्याही खाली होता. पिकवणाऱ्याच्या घरात त्या पिकाचा एकही पदार्थ रुळलेला नसावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून बुलगोगी करून पाहा असं मी आग्रहाने सांगते. अर्धा किलो कोंबडीची बिनहाडाची मांडी तासभर फ्रीजरमध्ये ठेवली की सुरी सरळ चालते, काप पातळ पडतात. चार चमचे सोया सॉस, दोन चमचे गूळ, सातआठ लसूणपाकळ्या ठेचून, एक किसलेला कांदा, मिरपूड, थोडं तिळाचं तेल. सॉस घेताना बाटलीवरची यादी वाचा: सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच असेल तो खरा मुरलेला. कोरियात मांस लुसलुशीत व्हायला नाशपाती किसून घालतात. आपल्याकडे मटणाला कच्ची पपई लावतात तेच काम, फक्त पपई फार तीव्र, कोंबडीला चमचाभरही जास्त होते. तिळाचं तेल तिथे भाजलेल्या तिळाचं असतं. घाण्याचं तेल वापरलं तर वरून तीळ खमंग भाजून, खलबत्त्यात कुटून घाला. कोणी भाताची दारूही घालतात. वर्धा दारूबंदीचा जिल्हा, आणि ती वगळल्याने चवीचं काही अडत नाही. तासभर मुरवून लोखंडी तव्यावर थोडे थोडे काप पसरा. एकदम सगळे ओतले तर पाणी सुटतं आणि भाजण्याऐवजी शिजतं. गूळ लवकर करपतो, त्यामुळे नजर हलवू नका. हाच खार भिजवून पिळलेल्या सोयावडीलाही छान लागतो, त्यात मांसाची गरजच पडत नाही.

सॉसची बाटली मात्र बाहेरून येते, आणि तिथे मला थांबावंसं वाटत नाही. पौषातली कोरडी थंडी विटा वाळवायला चांगली आहे. वर्ध्याच्या वैशाखाचीही अडचण नाही, कारण दक्षिण चीनमध्ये सोया सॉसचे रांजण कडक उन्हातच पिकवतात. पापड-कुरडयांचे बचतगट गावोगाव आहेत, कुंभार आहेत, ग्रामोद्योगाचं काम करणारं मगन संग्रहालय अजून उभं आहे. एखाद्या गटाने पुढच्या सोंगणीनंतर एक पोतं बाजारात न नेता, जाणकाराच्या देखरेखीखाली, दोन रांजण लावून पाहावेत.