गावाची शीव कुणाला ठाऊक असते?

मुरुडला बोलायचं म्हणजे जंजिरा आणि सिद्दी, असं तुम्ही धरून चालला असाल. त्यावर पुष्कळ जण बोलतात. मी आज प्रश्न साधा घेतलाय. हजार वर्षांपूर्वी कोकणातलं एखादं गाव कुठून कुठपर्यंत होतं, हे आज शोधायचं कसं?

१७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला. शके ९३९, म्हणजे इ.स. १०१७. त्यात चाविणार नावाचं गाव दान दिलंय. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, मला वाटलं गावाची व्याख्या मिळेल, निदान क्षेत्रफळ तरी. तिथे आहेत ते फक्त शेजारी! पूर्वेला पूअगंबा आणि डोंगरावरून पडणारं पाणी, दक्षिणेला नागांबा आणि मूलाडोंगरिका, पश्चिमेला सांबरपल्लिका नदी, उत्तरेला सांबिवे आणि काटियालक.

आता गंमत बघा. ताम्रपट संस्कृतात. त्या भाषेत गिरी आहे, पर्वत आहे. तरी शिवेवर आल्यावर लेखकाला आपला ‘डोंगर’ लिहावा लागला. इंग्लंडातल्या त्या काळच्या सनदांतही असंच दिसतं. मजकूर लॅटिन, पण शिवेचं वर्णन बहुधा लोकांच्या बोलीत : अमक्या ओढ्यापासून तमक्या काटेरी झाडापर्यंत. याउलट १०८६ची राजाची मोठी नोंदवही, डूम्सडे बुक, नांगर मोजते, गिरण्या मोजते; शीव कुठे ते सांगत नाही. कर घेणाऱ्याला आकडा पुरतो. तंटा झाला की मात्र तिथे गुरं चारणाऱ्यालाच विचारावं लागतं.

चाविणार म्हणजे भिवंडीजवळचं चाविंद्रा, असं अभ्यासक मानतात. पण एक नाव जुळलं म्हणजे शीव सापडली, असं नाही हो. चारही बाजूंची नावं जुळायला हवीत, आणि शिवेवरची नावंच आधी पुसली जातात. वाडी उठते, ओढा बुजतो. शिवेवरची गद्धेगाळ कुणीतरी उचलून कुंपणाच्या गडग्यात बसवतो. आपल्या किनाऱ्यावर तर आणखी पंचाईत. खाजणाला बांध घातला की जमीन, बांध फुटला की खाडी.

तुमच्या घरी जुनी खरेदीखतं असतील. त्यांत चतुःसीमेचा मजकूर असतो : पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस वहाळ. रीत तीच, १०१७ची. नकाशावर त्या वहाळाला नाव सापडेलच असं नाही. घरातल्या ज्या आजीला ते माहीत आहे, तिला या आठवड्यातच विचारून कागदावर लिहून ठेवा.